अर्ध्या लाटेइतका उशीर

पूर्णगडला त्या दिवशी भांगाचं पाणी,
खाडी अर्धी उघडी, अर्धी झोपलेली,
आणि लुकमान मेस्त्री उपड्या होडीच्या पोटावर
बोटाच्या पेराने टकटक करत फिरत होते,
कलिंगड घेणाऱ्यासारखे.
इथे ऐन चांगला आहे, म्हणाले, इथे हात लावायचा नाही.
इथेही नाही.
इथे... इथे कापू.

त्याआधी पाच दिवस ते काहीच बोलले नव्हते.
बोलत मी होते. वहीत लाट काढली होती,
लाटेखाली पातळ कातडी,
कातडीखाली बारक्या दांड्यांचं रान,
धातू, रबर, धातू, रबर.

यशोदा डोर्लेकरणीने एवढंच विचारलं,
होडी माझी, भोक माझ्या होडीला. बुडाली तर?

आणि तिच्या मुलाने:
बॅटरी कुठाय?
नाही.
वायर?
नाही.
मग हिला हलायला सांगतो कोण?

पाणीच.

होडीच्या अंगाला लागून पाण्याचा एक पदर असतो,
पोह्याच्या जाडीचा, गुळगुळीत, मुकाट.
नाळेपासून थोडं अंतर तो तसाच सरकतो,
मग त्यात एक शहारा उठतो, इतका लहान
की बांगड्यालाही कळू नये.
त्याला दुसरा मिळतो, पदर फाटतो,
मागे नुसती गिरक्यांची खिचडी,
जिचं ओझं वल्ह्यावर येतं, डिझेलवर येतं,
यशोदाबाईंच्या वहीतल्या उधारीवर येतं.

माझी पट्टी त्या पहिल्या शहाऱ्यासाठी.
तो वरून दाबतो. दाब खाली उतरतो,
दांड्यांच्या रानात जरा रेंगाळतो,
आणि परततो तेव्हा त्याला
नेमका अर्ध्या लाटेइतका उशीर झालेला असतो.
वर लाट चढायला बघते
तेव्हा खाली कातडी उतरत असते.
चढाला उतार भेटतो.
कुणी जिंकत नाही. पाणी पुढे जातं.

हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
दुसऱ्या दिवशी जोरात.
तिसऱ्या दिवशी मेस्त्रींविषयी मनात काहीतरी वाईट आणलं.
ते उंडीचं तेल घासत राहिले,
फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत राहिले.
पाचव्या दिवशी मी दमले, वही मिटली.
तेव्हा आले ते, टकटक करत.

पट्टी बसवली. सांध्याला चंद्रूस.
होडी पाण्यात, पुढे दोरी, दोरीला ताणकाटा,
मुलगा आपल्या यांत्रिक बोटीतून ओढत होता.
हळू: काटा होता तिथेच.
जरा वेगाने: काटा किलोभर खाली.
मी एवढी ओरडले की जेटीवरचे बगळे उठले.
आणखी वेगाने: काटा उलट चढला,
पट्टी नव्हती तेव्हापेक्षाही वर.

एकाच लाटेशी ओळख आहे हिची,
मेस्त्री म्हणाले. बाकीच्यांशी भांडते.
मी ते लिहून घेतलं.
अहवालात तेच वाक्य आहे, फक्त अवघड शब्दांत.

मार्गशीर्षात परत आले
तर पट्टीवर कालवं चढलेली. कातडी मुकी.
मेस्त्री पाठीमोरे बसून सुरीने खरवडत होते,
त्यातली बरी बरी वाटीत काढून ठेवली होती.
तुझ्या यंत्राला काय धरो न धरो, यशोदाबाई म्हणाल्या,
कालवण होईल.

काल संध्याकाळी होडीत उतरून
पट्टीच्या वरच्या फळीला कान लावला.
खाडी फळीखालून जात होती.
केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं हलणं,
त्याचा काय आवाज येणार,
तरी लावला.

नाही येणार ऐकू, काठावरून मेस्त्री म्हणाले.
पण चाललंय तिचं.

कशावरून? मी विचारलं.

त्यांनी हातातला कापूस पिळला, सांधा बघितला,
दुसऱ्या होडीकडे गेले.

आज मंगळवार.
मी पुन्हा विचारलेलं नाही.